दर गुरुवारी एक ग्लास

पहिल्या दिवशी साहेबांनी मला माझं टेबल दाखवलं, तेव्हा त्यावर दोन स्क्रीन होते, एक स्टेपलर होता आणि एक झाड होतं. स्क्रीन आणि स्टेपलर कंपनीचे. झाड बाईंचं.

बाई म्हणजे माझ्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या. बारा वर्षं बसल्या होत्या. मी नोव्हेंबरात रुजू झाले, त्याच्या महिनाभर आधी त्या लांबच्या आजारी रजेवर गेल्या. आजार कोणता ते मला कुणी सांगितलं नाही. इथं कुणी सांगत नाही, आणि आपण विचारणं तर त्याहून वाईट. पण कॉफीच्या मशीनपाशी दोघीजणी हळू आवाजात बोलत असताना 'केमो' हा शब्द माझ्या कानावर पडला, आणि तो कळायला जर्मनची कुठली परीक्षा पास व्हावी लागत नाही.

माझी नोकरी त्यांच्या रजेवर उभी होती. झिंडेलफिंगेनच्या जवळ, गाड्यांच्या दरवाजांना लागणारी रबरी सील बनवणारी आमची छोटी कंपनी. नव्या दरवाजावर पाण्याचा मारा करायचा, पाणी कुठून शिरतं आणि आत कुठं साठतं ते शोधायचं आणि अहवाल लिहायचा, हे बाईंचं काम, ते आता माझं. करारात साफ लिहिलं होतं की मी बाई परत येईपर्यंत. त्या पूर्णवेळ येणार हे पक्कं झालं की मला लेखी सूचना, त्यानंतर दोन आठवडे, मग नमस्कार. नवरा श्टुटगार्टला डॉक्टरेट करत होता, त्याच्या शिष्यवृत्तीत दोघांचं भागत नव्हतं. आणि माझा इथं राहायचा परवाना या नोकरीलाच बांधलेला.

म्हणजे त्या बऱ्या झाल्या की मी रस्त्यावर. हे गणित मी करारावर सही करतानाच केलं होतं आणि त्याची मला आजही लाज वाटते. दर रविवारी विहारात बसून सगळ्या प्राणिमात्रांच्या सुखासाठी हात जोडत मी मोठी झाले. आणि इथं येऊन एका बाईचं आजारपण किती महिने टिकेल ते बोटांवर मोजत होते.

झाड तसं साधंच. इथं त्याला आइनब्लाट म्हणतात, आपल्याकडे नर्सरीवाले पीस लिली म्हणतात. गर्द हिरवी लांबट पानं, मधूनच एखादं पांढरं फूल. पांढऱ्या चिनी मातीच्या जाड कुंडीत होतं, आणि कुंडीला चिकटपट्टीनं कागदाची एक चिठ्ठी लावलेली होती. बाईंचं अक्षर बारीक आणि सरळ. लिहिलं होतं, 'दर गुरुवारी एक ग्लास. जास्त नाही.'

पहिला दीड महिना मी ते इमानेइतबारे पाळलं. गुरुवार आला की स्वयंपाकघरातून ग्लास भरून आणायचा आणि घालायचा. पण मनातून पटत नव्हतं. आमच्याकडे सकाळी अंघोळ झाली की आधी झाडांना पाणी, मग आपला चहा. आठवड्यातून एकदा पाणी म्हणजे झाडाचा छळच, असं मला वाटायचं. तरी म्हटलं, त्यांचं झाड, त्यांचा नियम.

मग नाताळ आला. ऑफिस पंधरा दिवस बंद. दोन गुरुवार गेले आणि माझ्या ते डोक्यातसुद्धा आलं नाही. जानेवारीत परत आले तर झाड टेबलावर आडवं पडलेलं. एकूण एक पान कुंडीच्या काठावरून खाली लोंबत होतं. माझ्या आधी तिघं येऊन बसले होते, तिघांनी ते पाहिलं होतं, आणि मी कोट काढेपर्यंत तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. शेजारच्या टेबलावरची मुलगी फक्त 'ओ' म्हणाली आणि तिच्या स्क्रीनकडे वळली.

एक ग्लास घातला, पुरेल की नाही म्हणून दुसरा घातला. सकाळभर एकही ओळ लिहून झाली नाही. एक डोळा अहवालावर, एक झाडावर. आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत झाड उठून बसलं की. जसं काही झालंच नव्हतं. साहेब जाता जाता हसून म्हणाले, 'ते जरा नाटकी आहे.' सगळे हसले. मीही हसले, पण वरवर.

कारण मला एक गोष्ट कळून चुकली होती. या झाडावर सगळ्यांचा डोळा आहे. बाईंना कुणी फोन करत नव्हतं, आजारी माणसाला ऑफिसातून त्रास द्यायचा नाही असा इथला शिष्टाचार. पण सकाळी येताना प्रत्येक जण त्या झाडाकडे बघायचा. ते हिरवं असलं की चेहरे जरा सैल व्हायचे. आणि ते मेलं तर कुणाच्या हातून मेलं हे शोधायला कुठलीही चाचणी लागणार नव्हती. बाईंच्या जागेवर आलेली ती परदेशी बाई, तिनं झाडही मारलं. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, त्यातली गत. मला तर हेही वाटायला लागलं की झाड मेलं आणि त्याच आठवड्यात बाईंची काही वाईट बातमी आली, तर मी या लोकांना आणि स्वतःला तोंड कसं दाखवणार? मी इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात तर मुळीच नाही. पण भीतीला विश्वास लागत नाही, ती तशीच येते.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी रोज पाणी घालायला लागले. सकाळी आठला संगणक सुरू करायचा आणि तो जागा होईपर्यंत एक ग्लास झाडाला. शुक्रवारी शनिवार-रविवारचं धरून दोन ग्लास. चिठ्ठीकडे बघायचं मी बंद केलं. बाईंना काय माहीत, हाइत्सुंग, म्हणजे खोलीतला हीटर, केवढा तापतो यंदा, असं स्वतःला समजावत होते. भित्र्या माणसाची हीच खोड असते. काहीतरी केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका सोमवारी झाड पुन्हा आडवं पडलं. मी पाणी घातलं. दुपारपर्यंत उठेल म्हणून वाट पाहिली, नाही उठलं. मंगळवारी आणखी घातलं. बुधवारी दोन पानं पिवळी पडली, एकाचं टोक तपकिरी झालं. माती ओलीच होती, पण मला वाटलं वरवर ओली असेल, आत पोचत नसेल, म्हणून आणखी घातलं. साहेबांनी जाताना झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि या वेळी त्यांनी नाटकीबिटकी काही म्हटलं नाही.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत मी चिंचवडला सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या गच्चीत तीस-पस्तीस कुंड्या आहेत आणि झाडांच्या बाबतीत त्या सोसायटीच्या डॉक्टर आहेत. सगळे कँटीनमध्ये गेलेले, मी एकटीच.

'अहो आई, जरा हे झाड बघता का?'

'दाखव. जवळ ने जरा. अगं बाई, याचं तर तोंडच उतरलंय. पाणी कधी घातलंस?'

'सकाळी.'

'आणि काल?'

'कालही. रोज घालते.'

'माती तर चिखल झालीय. खाली ताटलीत उतरतंय ना पाणी?'

'ताटली नाहीये.'

'मग टेबल ओलं होत असेल.'

'टेबल कोरडं आहे, आई.'

त्या म्हणाल्या, 'मग पाणी जातं कुठं, गं?'

पाणी कुठं जातं आणि कुठं साठतं हे शोधायचा मी पगार घेत होते. दीड महिना रोज एक ग्लास पाणी मी एका भांड्यात ओतत होते आणि ते बाहेर कुठून पडतं हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आमच्याकडे कुंडी म्हणजे खाली भोक असणारच, ते काय बघायचं. मी फोन टेबलावर ठेवला आणि झाड बुडाशी धरून हळूच वर उचललं. आतून प्लास्टिकची काळी कुंडी बाहेर आली. म्हणजे कुंडीत कुंडी होती. आतल्या कुंडीला भोकं होती. बाहेरची पांढरी, जिला मी कुंडी समजत होते, ती नुसती दिखाऊ, इथं तिला यूबरटॉप्फ म्हणतात हे मला नंतर कळलं. तिला एकही भोक नव्हतं. तळाला चार बोटं काळं पाणी साचलं होतं आणि गटार उघडल्यासारखा वास आला. मी पटकन झाड परत आत ठेवलं, जसं काही न बघितल्यानं ते नाहीसंच होणार होतं.

'काय झालं?' आईंनी विचारलं. मी सांगितलं.

'अति तिथं माती,' त्या म्हणाल्या. 'तहानलेलंही मान टाकतं आणि बुडालेलंही मान टाकतं. वरून दोन्ही सारखंच दिसतं. मुळं कुजली असतील त्याची. बाहेर काढून कुजलेली कापावी लागतील. आणि आता पाणी बंद, एकदम बंद.' मग म्हणाल्या, 'ऑफिसचं आहे का झाड?'

'नाही. ज्यांच्या जागी मी आलेय, त्यांचं.'

'त्या आजारी आहेत, त्यांचं?'

'हो.'

'त्यांना विचारलंस?'

मी नकारार्थी मान हलवली. आईंचा आवाज बदलला. 'मग आधी विचार. आजारी माणसाच्या वस्तूला त्याला न विचारता कात्री लावायची नाही. मग ते झाड असो की साडी.'

मला वाटलं होतं त्या नुस्खा देतील, हळद घाल, राख घाल, असं काहीतरी. त्यांनी मला नेमकं तेच करायला सांगितलं ज्याला मी सगळ्यात जास्त घाबरत होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, 'एवढं काय? बाउमार्क्टमध्ये रांगेनं ठेवलेली असतात असली झाडं. तसलंच एक आण, पांढऱ्या कुंडीत ठेव, हे टाकून दे. तुझ्या बाईंना काय कळणार?' माझ्या नवऱ्याला सगळ्या प्रश्नांवर उत्तर असतं आणि ते नेहमी दुकानात मिळतं. मी खरंच विचार केला त्याचा, खोटं कशाला सांगू. पण बारा वर्षं ज्या बाईनं दर गुरुवारी त्याला पाणी घातलं तिला कळणार नाही? चोराच्या मनात चांदणं. मला तर वाटलं, त्या दारातूनच ओळखतील.

टीमच्या फोन नंबरांची एक जुनी यादी ड्रॉवरमध्ये होती. शुक्रवारी सकाळी मी बाईंना एक मेसेज लिहिला. चार ओळींना पाऊण तास लागला. क्षमा मागितली, मी कोण ते लिहिलं, झाड बरं नाही, ते माझ्या चुकीनं, आणि त्रास द्यायचा नाही पण मुळं कापण्याआधी तुम्हाला विचारायला हवं, असं सगळं. पाठवल्यावर वाटलं, ही आता साहेबांकडे तक्रार करणार. आजारी बाईला मेसेज करते म्हणजे काय? करारात असं काही कलम असेल का, तेही मी शोधून पाहिलं. दहा मिनिटांत उत्तर आलं. 'फोन करा.'

मी जिन्यात गेले. नंबर दोनदा चुकला.

बाईंचा आवाज खरखरीत होता, बराच वेळ कुणाशी न बोललेल्या माणसाचा असतो तसा. नमस्कार-चमत्कार काही नाही. 'वास येतो का?' त्यांनी विचारलं.

'जा,' मी म्हटलं, म्हणजे हो.

'कसा?'

'गटारासारखा,' मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला रडू यायला लागलं. मी फोन तोंडापासून लांब धरला. बाईंना कळलं नसावं असं मला वाटलं. त्या कामाचं सांगितल्यासारखं एकेक सांगत राहिल्या. आज शुक्रवार आहे, दोननंतर स्वयंपाकघर रिकामं असतं, तेव्हा करा. खाली वर्तमानपत्र अंथरा, माती बेसिनमध्ये जाऊ देऊ नका. कात्री माझ्या ड्रॉवरमध्ये मागच्या बाजूला आहे, आधी स्पिरिटनं पुसा. मऊ आणि काळी मुळं कापा, घट्ट आणि पांढरी राहू द्या. पिवळी पानं काढून टाका. नवी माती, लहान कुंडी, आणि हाइत्सुंगपासून लांब.

'आणि पांढरं एकही मूळ नसलं तर?' मी विचारलं.

'तर मला कळवू नका,' त्या म्हणाल्या.

मी बरं म्हटलं. मला वाटलं, झालं, आता त्या फोन ठेवतील. पण त्या म्हणाल्या, 'मी ते घरी आणू शकले असते. माझ्या नवऱ्यानं गाडीसुद्धा काढली होती. मुद्दाम तिथं ठेवलं. ते झाड तिथं आहे तोपर्यंत ते टेबल माझं आहे.' आणि मग फोन ठेवला.

मी जिन्यात तशीच उभी राहिले. गावाकडे एसटी लागली की लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल असला की ती जागा त्याची, मग तो माणूस अजून खाली रांगेत का उभा असेना. मी नोव्हेंबरापासून त्या रुमालावर बसले होते आणि त्यालाच रोज पाणी घालत होते.

दोननंतर ऑफिस रिकामं झालं. शुक्रवारी इथं कुणी थांबत नाही. मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि झाड काळ्या कुंडीतून बाहेर ओढलं. ते नुसतं सटकून हातात आलं. मातीचा गोळा पिळला तर पाणी निघेल इतका ओला होता. मी बोटांनी माती सोडवली. मुळं काळी, बुळबुळीत. एकेक धरलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. मी कापत गेले. काळं, काळं, पुन्हा काळं. पिवळी पानं काढली, ती सात निघाली. अर्धा गोळा गेला तरी पांढरं काही दिसेना.

तेव्हा मनात जे आलं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. मनात आलं की नसू दे. पांढरं नसलं तर मी कळवायचं नाहीये, त्यांनीच सांगितलंय. झाड कचऱ्यात, कुंडी धुऊन कपाटात, सोमवारी टेबल मोकळं. मी प्रयत्न केला होता, सगळ्यांना सांगता आलं असतं. आणि त्यांचा रुमाल उचलला गेला असता. एवढं सगळं एका दमात माझ्या मनात आलं, आणि मला स्वतःची इतकी भीती वाटली की कात्री ओट्यावर ठेवून मी हात धुवायला गेले. दोन वेळा साबण लावला.

परत आले आणि नळाखाली मुळं हळूहळू धुतली, म्हणजे आधीच करायला हवं होतं ते. मधोमध, बुंध्याच्या अगदी जवळ, पाच मुळं होती. बोटाएवढी लांब, पांढरी, घट्ट. मी ती पुन्हा पुन्हा मोजली. चार पानं आणि पाच मुळं, एवढं झाड उरलं होतं. दुपारीच आणलेली माती एका लहान कुंडीत भरून मी ते लावलं, बेसिन पुसलं, वर्तमानपत्र गुंडाळून पिशवीत भरून घरी घेऊन गेले. ऑफिसच्या कचऱ्यात टाकायचीही मला छाती झाली नाही.

त्यानंतरचे पाच आठवडे सगळ्यात कठीण गेले, कारण करायचं काहीच नव्हतं. पहिले दहा दिवस पाण्याचा थेंब नाही. नंतर बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच अर्धा ग्लास. चारही पानं लोंबत होती. सोमवारी सगळ्यांनी पाहिलं, आणि कुणी विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की मी जास्त पाणी घातलं, मुळं कुजली, बाईंना विचारून कापली. शेजारची मुलगी म्हणाली, 'तुम्ही त्यांना फोन केलात?' जशी मी कुणाच्या बेडरूममध्ये शिरले होते. मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, 'कशा आहेत त्या?' तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी ते विचारलंच नाही. झाडाचं सगळं विचारलं आणि माणसाचं काहीच नाही. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

रोज सकाळी दारातून आत येताना मी आधी त्या चार पानांकडे बघायचे. मार्चच्या शेवटी मधल्या बुंध्यातून एक टोक वर आलेलं दिसलं, गुंडाळी केलेलं, फिकट हिरवं. मला कुणाला सांगावंसं वाटलं नाही, दृष्ट लागेल म्हणून नव्हे, उद्या ते गळून पडलं तर काय करू म्हणून. आठ दिवसांनी ते उलगडलं. मी फोटो काढला आणि बाईंना पाठवला. खाली लिहिलं, 'तुम्ही कशा आहात?' त्यांचं उत्तर आलं, 'ते माझ्यापेक्षा बरं दिसतंय.'

एप्रिलमध्ये साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं, तेव्हाच मला कळलं. बाई मे महिन्यापासून येणार होत्या. इथं लांबच्या आजारानंतर माणसाला हळूहळू कामावर घेतात, आधी रोज दोन तास, मग चार, मग सहा, असे सहा आठवडे. तोपर्यंत माझी नोकरी होती. साहेबांना माझं वाईट वाटत होतं आणि बाईंचा आनंदही झाला होता, दोन्ही एकाच चेहऱ्यावर दाखवताना त्यांची तारांबळ उडाली. मी म्हटलं, फार चांगली बातमी आहे. तोंडानं म्हटलं. स्वच्छतागृहात जाऊन पाच मिनिटं बसले आणि मग खरोखरच बरं वाटलं, पण ते आधी वाटलं नाही, हे लिहायलाच हवं.

बाई आल्या त्या दिवशी डोक्यावर निळा रुमाल बांधला होता. मला वाटलं होतं त्याहून ठेंगण्या होत्या आणि खूप बारीक झालेल्या. सगळ्यांनी केक कापला, मिठ्या मारल्या. मग त्या टेबलापाशी आल्या. मी खुर्चीवरून उठून भिंतीला टेकून उभी राहिले, शाळेत बाकावरून उठवल्यासारखी. त्यांनी झाडाच्या मातीत बोट खुपसलं, पुसलं, आणि म्हणाल्या, 'गेनाऊ.' म्हणजे अगदी बरोबर. एवढंच. मग दुसरी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि जुने अहवाल उघडायला सांगितले.

चार आठवडे आम्ही एका टेबलाशी बसलो. मी त्यांना नवीन चाचण्या समजावून सांगायचे, त्या माझ्या वाक्यांमधल्या चुका काढायच्या. कामापलीकडे आम्ही बोललो नाही. त्यांचे तास वाढत गेले तसे माझे दिवस कमी होत गेले. त्या नुसत्या माझ्याकडे वळल्या तरी मला वाटायचं, हिला सगळं माहीत आहे. रोज संध्याकाळी बाहेर पडले की खांदे दुखायचे.

जूनमधल्या एका सकाळी साहेबांनी माझ्या हातात लिफाफा दिला. आत एक पान, दोन आठवड्यांनंतरची तारीख, खाली सह्या. मी ते वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं. बाई स्क्रीनकडे बघत होत्या.

'आला का कागद?' त्यांनी विचारलं.

'जा.'

त्या थोडा वेळ टाइप करत राहिल्या. मग हात थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'मी परत येऊ नये असं तुम्हाला वाटलं होतं का?'

इथली माणसं असं विचारतात. आपल्याकडे जन्म गेला तरी कुणी विचारणार नाही, आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं. छे छे, काहीतरीच काय. ते माझ्या ओठांवर तयार होतं, जर्मनमध्ये कसं म्हणायचं तेही सुचलं होतं. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर सुयांचे डाग होते, पिवळे पडलेले.

'जा,' मी म्हटलं. 'वाटलं होतं. खूप दिवस.'

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, दुखावल्याही नाहीत. म्हणाल्या, 'तुम्ही झाडाबद्दल फोन केलात ना, तेव्हा मला आधी आनंद झाला. म्हटलं, मरू दे. तुमच्या हातून मेलं म्हणजे सगळ्यांना कळेल की ही जागा दुसऱ्या कुणाला जमत नाही.'

'मग सांगितलंत कशाला, काय करायचं ते?'

'तुम्ही रडत होतात,' बाई म्हणाल्या. 'मी तिकडे अंथरुणात पडून माझ्या जागेसाठी रडायचे, आणि तुम्ही इकडे त्याच जागेवर बसून रडत होतात. मग मला ते मरू देता येईना.'

त्यांनी त्यांची खुर्ची थोडी बाजूला घेतली, मी माझी पुढे ओढली, आणि आम्ही राहिलेला अहवाल उघडला. नोव्हेंबरापासून त्या टेबलाशी मी पहिल्यांदाच न घाबरता बसले होते, आणि तिथं बसायचे माझे कामाचे दहा दिवस उरले होते.